तणसाच्या मुलखात लसूणघास

नोव्हेंबरात तुमसर-मोहाडीच्या रस्त्याने जाणाऱ्याला भंडारा जिल्ह्यात चारा कमी पडतो हे सांगून पटणार नाही. बांध्यांमध्ये धानाची पुंजणी रचलेली असतात आणि चुरणे आटोपले तिथे तणसाचे ढीग लागलेले असतात. ढोरांचे पोट भरायला एवढे पुष्कळ झाले. पण तणसात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के, सिलिका मात्र भरपूर. कठाणी गाय त्यावर तग धरते, तिचे बैल रोवणीच्या चिखलात ओढ काढतात. ती जात या धानपट्ट्यातच घडली, आणि चरवीभर दुधाची अपेक्षा तिच्याकडून कुणी केली नाही. दहा-बारा लिटरची संकरित गाय दावणीला आली की हिशेब बदलतो. दुधातले प्रथिन कुठून तरी यावेच लागते. हिरव्या वैरणीतून आले नाही, तर ढेपेच्या पोत्यातून येते. दुधाच्या पट्टीतून ढेपेचे पैसे वजा केले की मालकाच्या हाती शेणखत उरते, असे गवळी चेष्टेत म्हणतात. चेष्टा फार खोटी नाही.

यावर कृषी मासिकांचे उत्तर ठरलेले: लसूणघास लावा. उत्तर चांगले आहे, पण ते नगर-पुण्याच्या जमिनीत तयार झालेले आहे. मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळीकांचनला बाएफ ही संस्था सुरू केली, संकरित गाई गावोगाव पोचल्या आणि मळ्यामळ्यांत घासाचे वाफे दिसू लागले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आर. एल. 88 हे वाण दिले. एकदा पेरले की ते दोन-तीन वर्षे कापत राहता येते. जमीन आणि पाणी जमले तर हेक्टरी वर्षाला 80 टनांच्या पुढे हिरवा चारा, आणि वाळल्या वजनात 18 ते 20 टक्के प्रथिने. आकडे ऐकून कुणालाही मोह पडावा.

मात्र या पिकाची सारी ताकद मुळात आहे. सोटमूळ कित्येक फूट खाली उतरते, त्यावरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, आणि या सगळ्याला जमिनीत हवा खेळती लागते. भंडाऱ्यात साधारण 1300 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. धानाची बांधी तर पाणी अडवण्यासाठीच बांधलेली. वर्षानुवर्षे चिखलणी करून तिच्या तळाशी घट्ट थर बसलेला असतो. अशा बांधीत लसूणघास उन्हाळ्यापर्यंत डोलतो आणि श्रावणात कुजतो.

अमेरिकेत वेंडेलिन ग्रिम नावाच्या जर्मन शेतकऱ्याने 1857 साली मिनेसोटात लसूणघासाचे बी नेले. थंडीत बहुतेक झाडे मेली. जगलेल्यांचे बी तो दरवर्षी राखत गेला आणि त्यातून कडाक्याची थंडी सोसणारे वाण उभे राहिले. तसा रोवणीच्या पाण्यात तगणारा घास मात्र आपल्याकडे दुकानात मिळत नाही. म्हणून या धानाच्या झाडीपट्टीत लसूणघास बारमाही धरूच नये, असे माझे मत आहे. तो ऑक्टोबर ते मे एवढ्यापुरताच पाहुणा.

जागाही निराळी हवी. विहिरीजवळची, घरामागची, पाणी न साचणारी उंच पट्टी. मोरांड माती असली तर उत्तम. एका गाईला रोज दहा किलो घास पुरे, बाकी पोट तणसाने भरते. कापणी साधारण दर महिन्याला येते आणि एका कापणीत चौरस मीटरला किलोभर चारा धरला, तर दहा चौरस मीटरचा वाफा एक दिवस भागवतो. असे तीस वाफे पाडायचे, म्हणजे तीन गुंठे. रोज एक वाफा कापायचा. तिसावा कापला की पहिला पुन्हा तयार. बी हेक्टरी 25 किलो, म्हणजे तीन गुंठ्यांना पाऊण किलो. ते जिवाणू संवर्धक चोळून फूटभर अंतराच्या ओळींत पेरायचे. पहिली कापणी 50-55 दिवसांनी. विळा जमिनीपासून तीन-चार बोटे वर चालवायचा, कारण नवा फुटवा बुडख्यावरून येतो.

मग बांधीत काय? तिथे लाखोरी आहेच. धान उभे असतानाच, कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी, ओल्या चिखलात बी फेकायचे. नांगर नाही, पाणी नाही. इतके स्वस्त द्विदल पीक दुसरे दाखवा. लाखोरीच्या डाळीची बदनामी मोठी. महिनोन्महिने तीच खाल्ली तर तिच्यातल्या विषारी घटकाने पाय लुळे पडतात, म्हणून 1961 साली विक्रीवर बंदीचे पाऊल उचलले गेले. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला, आणि महाराष्ट्राने ती पुढे उठवली. दरम्यान रतन, प्रतीक अशी कमी विषाची वाणेही आली. तिचे कुटार तणसात मिसळून घातले तर ढोरे चवीने खातात.

ओलिताची सोय असेल तिथे बरसीम. हे मिसर देशातून आलेले पीक भारी जमिनीत आणि ओलीत लसूणघासापेक्षा सुखाने राहते, आणि हिवाळ्यात चार-पाच कापण्या देते. कोहळी समाजाने खोदलेले मालगुजारी तलाव, बावनथडी प्रकल्प, आणि 1988 साली पायाभरणी झालेला गोसीखुर्द प्रकल्प यांचे पाणी जिथे पोचते तिथे ते सहज यावे. येत नाही, कारण पाणी दिसले की आपण उन्हाळी धान लावतो. धानाला हमीभाव आहे, कधी बोनस आहे. वैरणीला मंडीत भाव पुकारणारा कुणी नाही. शेतकऱ्याला यात दोष देता येत नाही.

त्याहून मोठा अडथळा चार पायांवर फिरतो. धान कापले की ढोरे मोकाट सुटतात, ही इथली जुनी रीत. सगळे शिवार पिवळे पडले असताना तीन गुंठ्यांचा हिरवा तुकडा एका रात्रीत साफ होतो. कुंपणाचा खर्च न धरता केलेला घासाचा हिशेब कागदावरच राहतो.

वाळवून ठेवणे मात्र भंडाऱ्याला नगरपेक्षा कठीण नाही. जानेवारी-फेब्रुवारीचे ऊन कोरडे आणि बेताचे असते. दहाएक टक्के फुले दिसली की कापायचे, पातळ पसरायचे आणि सकाळच्या दवात हलक्या हाताने उलटायचे. भर दुपारी हात लावला तर पाने झडतात, आणि प्रथिनांचा मोठा वाटा पानांतच असतो. उरतात त्या काड्या. ओलावा 15 टक्क्यांवर आला की गंजी लावावी. ओला घास रचला तर बुरशी धरतो, तापतो, क्वचित पेटतोही. हिरवा घालायचा तर आधी तणस आणि मग घास. उपाशी गाईला सकाळचा दवभरला घास टाकला की डावी कूस नगाऱ्यासारखी फुगते, आणि ढोरांचा डॉक्टर येईपर्यंत ती टिकेलच असे नाही.

आणि तणसाला विसरून चालणार नाही. हार्वेस्टर आल्यापासून ते बांधीतच पसरून राहते आणि पुष्कळदा जाळले जाते. शंभर किलो तणसावर चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबायचे आणि ताडपत्रीखाली 21 दिवस बंद ठेवायचे. प्रथिने जवळजवळ दुप्पट होतात. उघडल्यावर अमोनियाचा वास उडू द्यावा, आणि लहान वासरांना ते घालू नये. एवढे करूनही हाती पाणी व कुंपण असेल, तरच घासाकडे वळावे.

पेरायचे ठरलेच तर यंदा एका गुंठ्यावर भागवा. आणि बी घेताना मूठभर तळहातावर पसरून पाहा: घासाचे दाणे पिवळसर, मूत्रपिंडाच्या आकाराचे असतात, त्यांत बारीक, गोल, मळकट खरबरीत दाणे दिसले तर ती अमरवेल आहे, ते पाकीट दुकानदाराला परत करा.