नौकेच्या पोटांतील इंजिनाचें पाणी

शिडाच्या नौकेला इंजिन कशाला, असा प्रश्न ऐकणाराच्या मनांत सहज येईल. वारा आहे तोंवर तो प्रश्न रास्तच होय. परंतु वारा पडला व ओहोटीची ओढ नौकेला खडकाकडे नेऊं लागली, किंवा बंदराच्या अरुंद तोंडांतून समोरच्या वाऱ्यावर आंत शिरावयाचें असलें, कीं तांडेलाचा हात इंजिनाच्या किल्लीकडे जातो. अशा वेळीं इंजिन थोडा वेळ चालून तापलें व बंद पडलें, तर शिडें उभारण्यासहि अवधि राहत नाहीं. आणि तापण्याचें कारण पुष्कळदा यंत्राच्या अवघड अंतरंगांत नसून, तळहातावर मावेल एवढ्या एका रबरी चक्रांत असतें.

मोटारगाडीला पुढून वाऱ्याचा झोत मिळतो. नौकेच्या पोटांत तो कोठून येणार? म्हणून हें इंजिन समुद्राकडेच पाणी मागतें. नौकेच्या तळाशीं एक तोटी असते. तींतून आलेलें पाणी गाळण्यांतून पंपांत जातें. पंपांत रबरी पात्यांचें चक्र फिरतें. पातीं एका बाजूस दबतात, दुसऱ्या बाजूस पसरतात, व त्यायोगें पाणी ओढलें आणि पुढें ढकललें जातें. साध्या इंजिनांत हें खारें पाणीच यंत्राच्या पोकळ भिंतींतून फिरतें. अशा यंत्रास मुद्दाम बेताचें गरम ठेवतात, कारण पाणी फार तापल्यास त्यांतील क्षारांचे थर आंत बसतात. यान्मार कंपनीच्या २ जीएम २० या जपानी इंजिनांत पाण्याची वाट उघडणारी झडप ४२ अंश सेंटिग्रेडला हलूं लागते. त्याच इंजिनाच्या गोड्या पाण्यावर चालणाऱ्या प्रकारांत ती ७१ अंशांना हलते. या दुसऱ्या प्रकारांत यंत्राभोंवतीं गोडें पाणी फिरतें, आणि समुद्राचें पाणी एका डब्यांतील बारीक नळ्यांतून जाऊन त्याची उष्णता हरण करतें. शेवटीं खारें पाणी धुरांत मिसळून नौकेच्या पाठीमागून बाहेर पडतें.

ही पिचकारी म्हणजे इंजिनाची नाडी होय. इंजिन सुरू होतांच मागें वांकून ती पाहावी. उष्णतेचा कांटा चढण्याची वाट पाहूं नये. रबरी चक्राला तेल नसतें, त्याचें वंगण म्हणजे तेंच पाणी. कोरडें फिरलें कीं तें अल्पावकाशांत करपतें. याचें कारणहि बहुधा क्षुल्लकच असतें. तोटी उघडावयाची राहिलेली असते, अथवा तिच्या तोंडाशीं प्लॅस्टिकची पिशवी येऊन चिकटलेली असते. मुंबईच्या बंदरांत तर या पिशवीचें कोणास नवल वाटूं नये!

चक्र वर्षांतून एकदां बदलावें, आणि जुन्याचीं पातीं मोजावीं. एखादें पातें कमी भरलें, तर नवें चक्र बसवून काम संपलें असें समजणें ही मोठीच चूक होय. तो तुकडा पाण्याबरोबर पुढें जाऊन नळ्यांच्या तोंडाशीं अडकलेला असतो. तो सांपडेपर्यंत शोधावा. येथेंच पुष्कळ लोक कंटाळतात, व इंजिन तापण्याची तीच तक्रार पुनः घेऊन येतात.

उष्णता हरण करणाऱ्या डब्यांत बहुधा जस्ताची एक कांडी बसविलेली असते. खाऱ्या पाण्यांत दोन निरनिराळे धातु एकमेकांस जोडलेले असले, कीं त्यांतील एक झिजतो. झिजण्याचा तो भार जस्त आपल्यावर घेतें व नळ्या वांचवितें. जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वांचविण्यासाठीं हीच युक्ति सर हम्फ्री डेव्ही यांनीं १८२४ सालीं ब्रिटिश आरमाराला सुचविली होती. गंमत अशी, कीं पत्रा वांचला. पण तांबें विरघळेनासें झाल्यामुळें त्यावर शेवाळ व समुद्रजीव यांनीं वस्ती केली! इंजिनांतील कांडी अर्धी झिजली कीं बदलावी. गोड्या पाण्याच्या टाकीचें झांकण मात्र इंजिन गरम असतां कदापि उघडूं नये. दाबाखालचें पाणी उसळून तोंडावर येतें.

एका धोक्याची कल्पना अनुभवी माणसांनाहि नसते. इंजिन सुरू होत नाहीं म्हणून किल्ली पुनःपुनः फिरविली जाते. त्याबरोबर पंप फिरतो व पाणी ओढतो. परंतु तें बाहेर फेंकण्यास धुराचा जोर नसतो. पाणी धुराच्या डब्यांत सांठतें, वर चढतें, व अखेरीस सिलिंडरांत शिरतें. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. मग दट्ट्याचा दांडा वांकतो. म्हणून दोनतीन प्रयत्न फसले कीं तोटी बंद करावी, व इंजिनानें पेट घेतांच विलंब न लावतां उघडावी.

मुंबईकडे पावसाळ्यांत नौका बांधून ठेवण्याचा प्रघात आहे. तत्पूर्वीं तोटी बंद करून गाळण्यांत गोडें पाणी सोडावें व इंजिन थोडें चालवून आंतील खारेपण धुऊन काढावें. नंतर चक्र काढून ठेवावें, कारण महिनोन् महिने दबून राहिलेलीं पातीं तशींच वांकडीं राहतात. आणि चक्र काढल्याची चिठ्ठी लिहून ती इंजिनाच्या किल्लीलाच बांधावी.