अभ्यास कठीण, वातावरण मोकळं : असं कॉलेज कसं ओळखावं?

परदेशी पदवीच्या वाटेवर : लेखांक ९

सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. आपल्याला किती येतं यापेक्षा आपल्या मागे किती जण राहिले, हे तो आकडा सांगतो. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीचा पेपर आपल्यापेक्षा चांगला गेला, की आपला आकडा तेवढा खाली सरकतो. दोन-तीन वर्षं या हिशेबात काढलेली मुलं अमेरिकेत पदवीसाठी जायचं म्हणतात, तेव्हा त्यांच्यातली बरीच जण एकच मागणं मागतात : शिकायला भरपूर मिळू दे, पण ही रस्सीखेच आता पुरे. आईवडील मात्र बिचकतात. स्पर्धा कमी म्हणजे दर्जाही कमी, असं आपल्या मनात घट्ट बसलेलं आहे. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी चांगली कॉलेजं आपल्या यादीतच येत नाहीत, म्हणून आजचा लेख.

मागच्या लेखात कॉलेजांच्या क्रमवाऱ्या कशा तयार होतात ते आपण पाहिलं. आजच्या प्रश्नाचं उत्तर त्या क्रमवाऱ्यांत मिळत नाही. कारण ‘स्पर्धा’ या एकाच नावाखाली आपण तीन निराळ्या गोष्टी मोजत असतो. पहिली, प्रवेश मिळणं किती अवघड आहे. दुसरी, आत गेल्यावर अभ्यास किती आहे. तिसरी, आत गेलेली मुलं एकमेकांशी कशी वागतात. पहिल्या दोन्ही गोष्टी कमालीच्या कठीण आणि तिसरी अगदी मोकळी, असं असू शकतं. ब्राउन विद्यापीठात प्रवेश मिळणं महाकठीण. पण आत गेलेला विद्यार्थी कुणाला मागे टाकायच्या विवंचनेत नसतो.

हे मुलांच्या स्वभावावर अवलंबून असतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते नियमांवर जास्त अवलंबून असतं. प्रिन्स्टनचं उदाहरण घ्या. २००४ मध्ये त्यांनी धोरण आखलं, की प्रत्येक विभागानं ‘ए’ गटातल्या ग्रेड साधारण ३५ टक्क्यांपर्यंतच ठेवाव्यात. ग्रेडची खिरापत थांबावी, हा हेतू चांगलाच होता. पण विद्यार्थ्यांच्या लेखी तो कोटा झाला : ‘ए’ मोजकेच, तेव्हा तुला मिळाला तर माझा गेला. पुढे विद्यापीठाच्याच समितीनं या धोरणामुळे मुलांवर ताण वाढत असल्याचं नोंदवलं आणि २०१४ मध्ये ते मागे घेतलं गेलं. या दहा वर्षांत आलेली मुलं काही वेगळ्या मातीची नव्हती. नियमानं त्यांना एकमेकांसमोर उभं केलं होतं.

म्हणून कॉलेज निवडताना माहितीपुस्तिकेतल्या हसऱ्या फोटोंपेक्षा नियमांची पानं वाचावीत. त्यातली काही पानं उलगडून पाहू.

फिलाडेल्फियाजवळ हॅवरफर्ड नावाचं कॉलेज आहे. विद्यार्थी दीड हजाराच्या आत. १८३३ मध्ये क्वेकर पंथाच्या लोकांनी ते काढलं. क्वेकर आपल्याला अगदीच अपरिचित नाहीत : आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, तेही फिलाडेल्फियातल्या क्वेकरांच्याच पुढाकारानं १८५० मध्ये उभं राहिलं होतं. माणसाच्या सद्सद्विवेकावर विश्वास ठेवायचा, ही त्या पंथाची शिकवण. हॅवरफर्डच्या परीक्षेत ती आजही दिसते. सत्राच्या शेवटी बऱ्याच विषयांचा पेपर कधी द्यायचा, हे विद्यार्थी स्वतः ठरवतो. ठरलेल्या मुदतीत जायचं, आपली प्रश्नपत्रिका घ्यायची, खोलीत बसून लिहायचं आणि वेळ संपली की परत नेऊन द्यायची. पर्यवेक्षक नाही. त्याच विषयाचा पेपर मैत्रिणीला परवा द्यायचा असेल, तर तो सोपा होता की अवघड, एवढंसुद्धा तिच्याजवळ बोलायचं नाही. हे सगळं ‘ऑनर कोड’वर चालतं. त्याची परंपरा १८९७ पासूनची, आणि विद्यार्थी दरवर्षी सभा भरवून तो नव्यानं मान्य करतात. आपली ग्रेड चारचौघांत सांगायची नाही आणि दुसऱ्याला विचारायची नाही, ही तिथली रीत. आपल्याकडे निकालाच्या दिवशी पहिला प्रश्न ‘किती पडले?’ हाच असतो. तो प्रश्न नसलेल्या ठिकाणी अठरा वर्षांच्या मुलीला केवढा मोकळा श्वास मिळत असेल!

तिथून जवळच स्वार्थमोर आहे, तेही क्वेकरांनीच १८६४ मध्ये स्थापन केलेलं. पहिल्या सत्रात इथे ग्रेड नसतात. उत्तीर्ण झालात एवढीच नोंद होते. त्याहून महत्त्वाची आहे त्यांची ‘ऑनर्स’ची पद्धत. ऑक्सफर्डला शिकून आलेल्या फ्रँक एडलॉट या अध्यक्षांनी ती १९२२ मध्ये सुरू केली. छोट्या चर्चावर्गांत अभ्यास होतो आणि शेवटच्या वर्षी परीक्षा घ्यायला बाहेरच्या विद्यापीठांतले तज्ज्ञ येतात. ते लेखी परीक्षा घेतात आणि समोरासमोर बसून तोंडीही. परीक्षक बाहेरचा झाला की शिकवणारा आणि शिकणारे एका बाजूला येतात. वर्गातल्या आठ जणांनी एकमेकांना तयार करण्यातच सगळ्यांचं हित असतं. तरीही सावध राहा. इथला अभ्यास हलका नाही आणि कोण किती जागलं, कुणावर कामाचा किती डोंगर आहे, याचीच चढाओढ लागते अशी तक्रार तिथले विद्यार्थी स्वतःच करत आले आहेत. ग्रेडची चुरस गेली तरी थकव्याची चुरस उरू शकते.

ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडचं रीड कॉलेज आणखी एक पाऊल पुढे जातं. तिथे ग्रेड नोंदवल्या जातात, पण काम ‘सी’ किंवा त्याहून वरचं असेल तर त्या विद्यार्थ्याला आपणहून कळवल्या जात नाहीत. निबंध परत येतो तो समासातल्या शेऱ्यांसह : हा मुद्दा सिद्ध झाला नाही, हा पुरावा अपुरा आहे, इथे आणखी वाचा. ग्रेड हवीच असेल तर मागून घेता येते. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो, मग विषय रसायनशास्त्र असो की नृत्य. वर्ग संपतात त्या दिवशी हे विद्यार्थी वाजतगाजत ग्रंथालयापासून कुलसचिवांच्या कार्यालयापर्यंत मिरवणुकीनं जाऊन प्रबंध सादर करतात, जुन्या खर्ड्यांची होळी करतात. सगळ्यांचा शेवट एकत्र साजरा होतो. इथे ग्रेड सढळ हातानं मिळत नाहीत. म्हणून पुढच्या शिक्षणासाठी गुणपत्रक पाठवताना कॉलेज आपल्या पद्धतीचं स्पष्टीकरण सोबत जोडतं. ‘ग्रेड कमी दिसल्या तर पुढे काय?’ ही पालकांची काळजी रास्त आहे, म्हणून याचं उत्तरही पाहा : पदवीनंतर पुढे पीएच.डी. मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांचं प्रमाण पाहिलं, तर रीड, स्वार्थमोर, कार्लटन आणि ग्रिनेल ही छोटी कॉलेजं वर्षानुवर्षं अमेरिकेत अगदी वरच्या रांगेत आहेत.

मोठ्या नावांतही असे नियम सापडतात. ब्राउनचा ‘खुला अभ्यासक्रम’ १९६९ पासूनचा, आणि तो विद्यार्थ्यांनीच अभ्यास करून मांडलेल्या अहवालातून आला. तिथे ‘डी’ ही ग्रेडच नाही, अधिक-उणे नाही, नापास झालेला विषय बाहेर जाणाऱ्या गुणपत्रकावर दिसत नाही, आणि विद्यापीठ एकत्रित सरासरी काढत नाही. भौतिकशास्त्राच्या मुलीला संस्कृत किंवा शिल्पकला घेऊन पाहायची असेल, तर नुसतं ‘समाधानकारक’ या नोंदीवर ती घेऊ शकते. एमआयटीत पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रात ग्रेड लागत नाहीत, आणि जमलं नाही तर त्या विषयाची बाहेर नोंदही राहत नाही. वर्गातला क्रमांक तिथे काढतच नाहीत. दर आठवड्याचे प्रश्नसंच मुलं गटानं सोडवतात. कुणाबरोबर बसून सोडवले, ती नावं वर लिहायची पद्धत आहे. ते प्रश्न असे असतात की एकट्यानं सुटणं मुश्कील. सहकार्य तिथे अभ्यासाच्या रचनेतच आहे.

आता दुसरी बाजू. काही ठिकाणी प्रवेश मिळाला तरी खरी शर्यत आतच असते. काही मोठ्या सरकारी विद्यापीठांत संगणकशास्त्रासारख्या विषयाच्या जागा मर्यादित आहेत. आधी विद्यापीठात प्रवेश आणि मग पहिल्या वर्षाच्या गुणांवर त्या विषयासाठी पुन्हा अर्ज. आपल्या मुलांच्या आवडत्या पर्ड्यूमध्ये इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष सामायिक असतं आणि शाखा नंतर ठरते. ही विद्यापीठं वाईट नाहीत, काही विषयांत जगात अव्वल आहेत. पण जागा मोजक्या असल्या की शेजारी प्रतिस्पर्धी होतो, हे माहीत असून जावं. क्लबांचंही तसंच : काही विद्यापीठांत कन्सल्टिंग किंवा फायनान्सच्या विद्यार्थी-क्लबात शिरायला अर्ज आणि मुलाखती असतात. आणि डॉक्टर व्हायचं म्हणून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की तिथलं वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होतं, त्यासाठी सरासरी काटेकोरपणे पाहिली जाते आणि परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी वैद्यकीय महाविद्यालयं थोडी आहेत. त्या वाटेवर कुठलंही कॉलेज पूर्ण निवांत नसतं.

मग घरबसल्या पारख कशी करायची? बहुतेक कॉलेजं ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा ठरावीक साच्यातला तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्यात तीन आकडे शोधा : पहिल्या वर्षातले किती टक्के विद्यार्थी दुसऱ्या वर्षी परत आले, किती जणांनी चार वर्षांत पदवी पुरी केली, आणि वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे वर्ग किती आहेत. मुलं टिकत नसतील, तर त्याचं कारण विचारायलाच हवं.

त्यानंतर तिथे शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोला. ‘वातावरण कसं आहे?’ असं विचारलंत तर ‘छान आहे’ एवढंच उत्तर मिळेल. नेमकं विचारा. वर्गातल्या सगळ्यांनीच उत्तम लिहिलं तर सगळ्यांना ‘ए’ मिळतो का? दुसऱ्या वर्षी मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदलायचं ठरवलं तर कुणाची परवानगी लागते? आठवडाभर आजारी पडलास तर नोट्स कोण देतं? प्राध्यापकांच्या भेटीच्या तासाला शेवटचा कधी गेला होतास? क्लबात नवशिक्यांना घेतात का? हे प्रश्न मुलानंच विचारावेत. आईवडिलांसमोर मिळणारी उत्तरं फार सभ्य असतात.

खर्चाबद्दल आडपडदा नको. ही छोटी खासगी कॉलेजं महाग आहेत. फी, राहणं आणि जेवण धरून वर्षाला ८० हजार डॉलरच्या पुढेही आकडा जातो. काही कॉलेजं प्रवेश दिलेल्या परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक गरज पूर्ण भागवतात; पण त्यातली बरीचशी प्रवेश देतानाच त्या गरजेचा विचार करतात. म्हणून मदत लागणार असेल तर ते पहिल्या अर्जातच सांगावं लागतं. नातेवाइकांना या कॉलेजांची नावं माहीत नसतील, हीही तयारी ठेवा. ‘हॅवरफर्ड? हार्वर्ड म्हणायचंय का?’ हा प्रश्न येईलच. तेवढ्यासाठी मुलीच्या आयुष्यातली चार वर्षं दुसऱ्यांच्या ओळखीच्या नावावर ओवाळून टाकू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी मुलाचा स्वभाव बघा. काही मुलं स्पर्धेत फुलतात. क्रमांक दिसला नाही तर त्यांना चैन पडत नाही. त्यांना रीडमध्ये हरवल्यासारखं होईल. पण जी मुलं पुस्तकात तासन्‌तास रमतात आणि निकालाच्या आठवड्यात मलूल होतात, त्यांना कमकुवत समजू नका. त्यांना कठीण अभ्यास झेपतो, आवडतोही. फक्त तो कुणाला हरवण्यासाठी करायचा नसतो.

या आठवड्यात एवढं करा : यादीतल्या प्रत्येक कॉलेजापुढे तीन रकाने आखा. ग्रेड देण्याचा नियम, मेजर मिळण्याचा नियम, परीक्षेचा नियम. तिन्ही भरून झाले की क्रमवारीतलं स्थान न पाहता यादी पुन्हा लावा. नवी यादी जुनीपेक्षा बरीच वेगळी निघाली, तर तिच्यावर घरात सगळ्यांनी मिळून बोला.

(पुढील आठवड्यात : आर्थिक मदतीचा अर्ज भरताना)