पहिली ऑफर (लेखांक सातवा) : बाँडची रक्कम कुठून येते?

व्हेरिएबल पे हा विषय आज घेणार होतो, तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मध्येच सांगलीहून एका ताईंचं पत्र आलं. मुलगा यंदाच मेकॅनिकल इंजिनिअर झालाय आणि चाकणच्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून त्याची निवड झालीये. हातात येणाऱ्या पगाराचं गणित मायलेकांनी मांडून पाहिलं, ते पटलंही. पण ऑफर लेटरच्या मागे बाँडचा मसुदा जोडलेला होता. दोन वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर दीड लाख भरायचे, वडील जामीनदार, मूळ गुणपत्रिका कंपनीकडे जमा आणि सही केलेले दोन कोरे चेक. ताई विचारतात, "सही करू द्यावी की नको?"

त्यांना उत्तर फोनवरच दिलं, कारण कंपनीने मुदत घातली होती. पण निकाल लागले की हा प्रश्न घरोघरी येतो आणि प्रत्येक घरात दोन सल्लागार असतात. एक म्हणतो, "बाँड कोर्टात टिकत नाही, बिनधास्त सही कर." दुसरा म्हणतो, "अडकशील, त्या वाटेला जाऊ नकोस." दोघांचंही ऐकू नका.

पहिल्या सल्ल्याचं मूळ भारतीय करार कायद्याच्या २७व्या कलमात आहे. कुणाला कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल, असं ते कलम सांगतं. मग बाँड टिकतो कसा? याचं उत्तर कल्याणच्या एका खटल्यात आहे. निरंजन गोलिकरी १९६३ साली सेंच्युरी कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर म्हणून लागले. टायरमध्ये घालायच्या धाग्याचं तंत्र कंपनीने परदेशी कंपनीकडून घेतलं होतं आणि त्याचं प्रशिक्षण त्यांना दिलं होतं. करार पाच वर्षांचा होता. ते मुदतीआधीच सोडून कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये जास्त पगारावर गेले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. नोकरीचा करार चालू असतानाच्या काळापुरतं घातलेलं बंधन सहसा व्यवसायबंदी ठरत नाही, हे सूत्र तेव्हापासून पक्कं आहे. करार संपल्यानंतरही अमुक कंपनीत जायचं नाही, अशी अट मात्र आपल्याकडे टिकत नाही.

अलीकडचा निकाल मे २०२५चा आहे. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षं पूर्ण होण्याआधी राजीनामा दिला आणि बाँडचे दोन लाख निषेध नोंदवून भरले. उच्च न्यायालयात तो जिंकला, सर्वोच्च न्यायालयात बँक जिंकली. हा निकाल हल्ली बऱ्याच ठिकाणी ट्रेनींना दाखवला जातो, म्हणून त्यातली कारणं लक्षात ठेवा. सरकारी बँकेला जाहिरात, परीक्षा, मुलाखत या सगळ्या खुल्या प्रक्रियेतूनच माणूस घ्यावा लागतो. तो मध्येच गेला की ते सगळं पुन्हा करावं लागतं, त्याचा वेळ आणि खर्च न्यायालयाने धरला. शिवाय तो सीनियर मॅनेजर होता आणि त्याच्या पगाराच्या मानाने दोन लाख डोईजड नव्हते. वीस-बावीस हजारांवर लागलेल्या ट्रेनीला हा निकाल जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता निकाल. करार कायद्याचंच ७४वं कलम म्हणतं, की करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. मिळते ती वाजवी भरपाई, आणि ती त्या आकड्याच्या आतलीच. सिक्पा इंडियाच्या खटल्यात हे दिल्ली उच्च न्यायालयापुढे २०११ मध्ये आलं. बाँड तीन वर्षांचा, रक्कम दोन लाख. कर्मचारी साधारण दोन वर्षांनी गेला. त्याच्या प्रशिक्षणावर प्रत्यक्षात खर्च झाला होता ६७,५९५ रुपये. तीनपैकी दोन वर्षं त्याने काम केलं, म्हणजे दोन तृतीयांश खर्च वसूल झाला. उरला एक तृतीयांश, २२,५३२ रुपये. कंपनीला तेवढेच मिळाले. दोन लाखांचे साडेबावीस हजार झाले ते निव्वळ भागाकाराने.

पगार ठरलेला आहे, तो सगळ्या बॅचला सारखाच आहे, आमच्या हातात बोलण्यासारखं काय, असं मुलं विचारतात. हाच भागाकार तुमच्या हातात आहे. सहीआधी तो कागदावर आणा. एचआरला ई-मेल करा, सूर नम्र ठेवा. सांगलीच्या मुलाने लिहिलं ते असं: "मॅडम, ही नोकरी मला मनापासून हवी आहे आणि दोन वर्षं थांबायचीही तयारी आहे. प्रशिक्षणावर अंदाजे किती खर्च होतो ते कळेल का? तसंच पूर्ण केलेल्या प्रत्येक महिन्यागणिक बाँडची रक्कम कमी होत जाईल, एवढं वाक्य मसुद्यात घालता येईल का?" यात हुज्जत कुठेच नाही. कंपनीने रक्कम महिन्यागणिक उतरती केली आणि चेकचा आग्रह सोडला. दोन वर्षं कायम राहिली. मागणी एवढीच असेल तर कुणी ऑफर मागे घेतं, असं मी तरी पाहिलेलं नाही.

आणखी दोन वाक्यं तपासा. पहिलं, मुदत कधीपासून? "रुजू झाल्यापासून" आणि "कायम झाल्यापासून" यात एका वर्षाचा फरक पडू शकतो. ट्रेनिंग वर्षाचं असेल तर दोन वर्षांचे तीन होतात. दुसरं, कंपनीनेच कमी केलं तर? त्या वेळी बाँड लागू होणार नाही, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. नोटीस पीरियड ही वेगळी अट आहे, तीही बाँडशेजारी ठेवून वाचा.

मूळ गुणपत्रिका देऊ नका. दाखवा, समोर तपासू द्या, झेरॉक्सवर सही करून द्या, मूळ प्रत घेऊन घरी या. आणि कोरा चेक तर अजिबात नको. बाँडपोटी कंपनीला दिवाणी न्यायालयात नुकसान मांडावं लागतं. चेक न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं फौजदारी कलम १३८ लागतं, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. सही तुमची असेल तर रक्कम दुसऱ्याने भरली होती एवढ्याने सुटका होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बीर सिंग खटल्यात सांगितलं आहे. देणं नव्हतं हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं.

एक व्यवहाराची गोष्ट. बाँडचे बहुतेक वाद कोर्टापर्यंत जातच नाहीत, ते रिलीव्हिंग लेटरवर अडतात. पुढची कंपनी ते पत्र मागते, म्हणून मुलं निमूट पैसे भरतात. कोर्टात काय टिकेल हे माहीत असणं चांगलंच, पण बावीस वर्षांच्या मुलाकडे कोर्टात जायला वेळ नसतो. त्याच्याकडे वेळ असतो तो सहीच्या आधीचा.

तेव्हा कॅम्पसमध्ये निवड झालेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: ऑफर स्वीकारण्याआधी बाँडचा मसुदा मागून घ्या, घरी बसून वाचा आणि रक्कम कुठून आली ते विचारा. ज्या कंपनीला तो आकडा समजावून सांगता येत नाही, तिथे सही करण्याआधी दुसरी ऑफर शोधा.