टाकी भरलेली, तरी दिवा पेटलेला

मोटारीच्या फलकावरील दिव्यांत मनास सर्वांत अधिक धसका देणारा दिवा म्हणजे पाण्याच्या लाटांत उभ्या असलेल्या थर्मामीटरचे चित्र दाखविणारा तांबडा दिवा होय. एंजिन थंड राखणारे पाणी, ज्यास गॅरेजमध्ये सर्वत्र 'कूलंट' म्हणतात, ते उणे झाले आहे, असे तो सांगतो. गृहस्थ गाडी बाजूस घेतात, बॉनेट उघडतात, आणि पाहावे तो टाकीतील द्रव वरच्या खुणेस अगदी टेकलेला! 'दिवाच बिघडला' असा निकाल देऊन मंडळी पुढे मार्गस्थ होतात. हा निकाल पुष्कळदा खरा असतो. मात्र तो तपासून दिलेला असावा, केवळ सोयीचा म्हणून दिलेला नसावा.

याचे पहिले कारण असे की, काही गाड्यांत एकाच दिव्याकडे दोन कामे सोपविलेली असतात. फोक्सवॅगनच्या अनेक गाड्यांत पाणी उणे झाले तरी तोच दिवा लागतो आणि एंजिन अतिशय तापले तरीही तोच. टाकी भरलेली पाहून दिव्यास खोटा ठरविणारा मनुष्य या दुसऱ्या शक्यतेचा विचारच करीत नाही. म्हणून टाकीबरोबर उष्णतेचा काटाही पाहावा. परंतु एकट्या काट्यावर विसंबणेही धोक्याचे आहे. काट्यास माहिती पुरविणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी निघून गेल्यास तो नुसत्या हवेत लोंबकळतो, आणि एंजिन भाजून निघत असताना काटा खुशाल मध्यावर स्वस्थ बसलेला दिसू शकतो!

टाकी पाहावयाची ती सकाळी, एंजिन पूर्ण थंड असताना आणि गाडी सपाट जागी उभी करून. तापलेल्या एंजिनाचे झाकण कदापि उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते. वातावरणाच्या दाबाहून आणखी तितकाच दाब चढला की साधे पाणीसुद्धा १२० अंश सेल्सियसच्या सुमारास उकळते. झाकण सैल होताच दाब उतरतो, पाण्याची एकदम वाफ होते आणि ती तोंडावर येते. पातळीपाशी टाकीवर कागदाची चिकटपट्टी लावून आठ दिवस रोज त्याच वेळी पाहावे. पातळी हलली नाही, गाडीखाली ओल नाही, पायांखालचा गालिचा भिजलेला नाही, धुराड्यातून सतत पांढरा धूर येत नाही, तरच दिव्यावर खोटेपणाचा आरोप ठेवण्यास आधार मिळतो. सकाळी दिवा लागतो व गाडी तापल्यावर विझतो, असा क्रम असल्यास मात्र तो दिवा खराच म्हणावा. पातळी अगदी सीमेवर असते. पाणी तापून प्रसरण पावते व तेवढ्यापुरती सेन्सरची समजूत पटते. याच्या उलट, घाटातील तीव्र चढणीवर वा वळणावर क्षणभर लुकलुकणारा दिवा बहुधा टाकीतील पाणी एका अंगास कलल्याने लागतो. तेथेही पातळी थोडी उणी असण्याचा संभव असतोच.

आता हा दिवा फसतो कसा? सेन्सर मुख्यतः दोन जातींचे. एका जातीत टाकीत एक लहान तरंगणारी गोळी असून तिच्यात लोहचुंबक असते. पाणी उतरले की गोळी खाली येते आणि चुंबकामुळे बाहेरील बटण फिरते. गोळी गाळात रुतली, किंवा तिला चीर पडून तीत पाणी शिरले, की टाकी भरलेली असूनही ती तळाशी बसते. टाकीवर बोटाने हलकेच टिचकी मारताच दिवा विझला, तर दोष गोळीचाच.

दुसऱ्या जातीत टाकीच्या तळाशी धातूची दोन टोके असतात. पाण्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह एका टोकाकडून दुसऱ्याकडे जातो तोवर सर्व क्षेम. या टोकांवर पुटे चढली की प्रवाह खुंटतो आणि दिवा पेटतो. आमच्याकडे विहिरीचे किंवा बोअरिंगचे जड पाणी टाकीत ओतण्याची सवय अजून गेलेली नाही. न्हाणीघरातील बंबाच्या आत जो पांढरा थर बसतो, तोच येथेही बसतो. पण निव्वळ डिस्टिल्ड पाणी भरूनही दिवा खोटे बोलू शकतो, कारण त्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही! योग्य कूलंट डिस्टिल्ड पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळणे, हा सरळ मार्ग. त्याची बाटली मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण जहाल विषारी असते. ते पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी होतात.

दोन टोकांच्या जातीत दोष टाकीत की वायरीत, हे ठरविण्याची युक्ती साधी आहे. सेन्सरवरील वायरीचे टोपण काढून त्याच्या दोन भोकांत तारेचा तुकडा घालावा आणि किल्ली फिरवून पाहावे. दिवा विझला तर वायर व फलक निर्दोष. न विझल्यास वायर तुटलेली वा टोपण आतून गंजलेले असावे. काही गाड्यांत, विशेषतः गोळीच्या जातीत, हा हिशेब उलटा असतो. म्हणून गाडीबरोबरची पुस्तिका आधी वाचावी. परीक्षा होताच तुकडा काढून घ्यावा. तोच कायमचा आत ठेवून 'काम झाले' म्हणून सांगणारे मिस्त्री आढळतात. त्यानंतर नळी फुटून सारे पाणी रस्त्यावर गेले, तरी तो दिवा लागावयाचा नाही. एंजिनाचे शिर तापून वाकले म्हणजे जो खर्च येतो, त्यापुढे नव्या टाकीची किंमत किरकोळ असते.

टोके मळलेली असल्यास टाकी काढून तीत कोमट पाणी व व्हिनेगर घालून खळखळावे, काही वेळ तसेच ठेवावे आणि स्वच्छ पाण्याने अनेकदा धुवावे. तरीही दिवा हटेना, तर टाकी किंवा सेन्सर बदलावा. टाकी पुन्हा जोडल्यावर दोन-चार दिवसांतच दिवा लागला, तर जुना खोटेपणा परतला असे समजून वैतागू नये. नळ्यांत अडकलेली हवा हळूहळू बाहेर पडते आणि तेवढी पातळी खाली उतरते. या वेळी दिवा खरे बोलत असतो; एंजिन थंड झाल्यावर पातळी खुणेपर्यंत भरून घ्यावी.