काडीमोड, सूटपत्र आणि ख्रिस्ती विवाह

घटस्फोट हा शब्द आज सर्वतोमुखीं झाला आहे. पण धर्मशास्त्रांत त्याचा मूळ अर्थ निराळा होता. पतिताला जातीबाहेर घालतांना पाण्याचा घडा फोडीत, त्या विधीचें तें नांव. नवराबायकोच्या फारकतीला खेड्यापाड्यांतून रूढ असलेला शब्द म्हणजे काडीमोड. पंचांसमक्ष गवताची काडी मोडली, कीं जोडलेलें तुटलें असें सर्वांनीं समजावयाचें. बायबलाच्या मराठी भाषांतरकारांपुढें हीच गोष्ट आली तेव्हां त्यांनीं तिसराच शब्द योजला: सूटपत्र. काडीमोड करणाऱ्यांच्या मुलुखांत हें सूटपत्र गेलें तेव्हां काय झालें, हें पाहण्यासारखें आहे.

जुना चांदा जिल्हा हा तो मुलूख. चांद्याचें चंद्रपूर १९६४ सालीं झालें व गडचिरोली जिल्हा त्यांतून १९८२ सालीं वेगळा निघाला. येथील अरण्यांत गोंड व माडिया लोकांची वस्ती फार जुनी. रसेल व हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर १९१६ सालीं जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत गोंडांमध्यें विधवेचा पुनर्विवाह व नवराबायकोची फारकत हीं दोन्ही रूढ असल्याची नोंद आहे. बाई नांदेना तर पंच बसत, लग्नाच्या खर्चाची भरपाई कोणीं कोणास द्यावयाची तें ठरवीत, आणि बाई दुसऱ्या घरीं पाट लावून जाई. त्याच काळीं पांढरपेशा हिंदु समाजांतील स्त्रीला अशी वाट रूढीनें ठेवलेली नव्हती. सर्व देशांतील हिंदु स्त्रियांना ती कायद्यानें मिळाली १९५५ सालीं.

१८७० नंतरच्या दशकांत स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचें मिशन चांदा शहरीं आलें. नागपूरचे बिशप म्हणून १९२६ पासून काम केलेले अलेक्स वुड हे पूर्वीं याच मिशनांत होते. पुढें दक्षिणेस सिरोंचास अमेरिकन मेथडिस्टांनीं ठाणें घातलें. या मिशनांनीं आपल्याबरोबर विवाहाचा जो नियम आणला तो बायबलांतून काढलेला होता. परंतु बायबलांत या विषयावर एकच वचन नाहीं. अनेक आहेत, आणि तीं एकमेकांशीं सहज जुळत नाहींत; सारी अडचण तेथेंच आहे.

जुन्या करारांतील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायांत सूटपत्राचा उल्लेख येतो. नवऱ्याला बायकोच्या ठायीं कांहीं अनुचित आढळलें, त्यानें सूटपत्र लिहून तिच्या हातीं दिलें व तिला घरांतून घालविलें, तिनें दुसरा नवरा केला, तर तो दुसरा मेल्यावर अथवा त्यानें टाकल्यावर पहिल्यानें तिला पुनः बायको करूं नये, एवढीच तेथील आज्ञा आहे. घटस्फोट द्या असें तो उतारा सांगत नाहीं. तो चालत आहे असें धरून चालतो. यहूदी धर्मशास्त्र्यांनीं सूटपत्राचें जें मर्म सांगितलें तेंही ध्यानांत घेण्यासारखें आहे: तूं आतां कोणत्याही पुरुषाशीं विवाह करण्यास मोकळी आहेस, हें त्यांतील मुख्य वाक्य. तेव्हां सूटपत्र हा हाकलून दिल्याचा दाखला होता तसाच तो पुनर्विवाहाचा परवानाही होता. त्याच्यावांचून टाकलेली बाई ना सधवा, ना स्वतंत्र.

‘अनुचित’ म्हणजे काय, यावर येशूच्या काळीं दोन मठ होते. शम्मईचे अनुयायी म्हणत, तो शब्द केवळ दुराचरणास लागतो. हिल्लेलच्या अनुयायांच्या मतें तिनें कालवण करपविलें तरी पुरे! हा वाद चालू असतांनाच परूशी लोकांनीं येशूला विचारलें कीं, पुरुषानें वाटेल त्या कारणावरून बायको टाकावी काय? प्रश्न पुरुषाच्या अधिकाराचा होता. बायकोनें नवरा टाकण्याची गोष्ट यहूदी रूढींत जवळजवळ नव्हतीच. येशूनें मोशेच्या नियमशास्त्राला ओलांडून थेट उत्पत्तीच्या पुस्तकाकडे बोट दाखविलें: दोघें एकदेह झालीं, देवानें जें जोडलें तें माणसानें तोडूं नये, मोशेनें सवलत दिली ती तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळें. हें उत्तर ज्या परिस्थितींत दिलें गेलें ती नजरेआड केली तर त्याचा रोख कळत नाहीं. करपलेल्या कालवणासाठीं रस्त्यावर येणाऱ्या बाईला त्या उत्तरानें आधार दिला.

मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत ही मनाई निरपवाद आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांत मात्र दोन ठिकाणीं एक अपवाद येतो, आणि तेथें जो ग्रीक शब्द आहे तो व्यभिचाराच्या नेहमींच्या शब्दाहून निराळा व अधिक व्यापक आहे. प्रॉटेस्टंटांनीं त्याचा अर्थ जोडीदाराचा दुराचार असा घेतला व निर्दोष पक्षाला पुनर्विवाहाची मोकळीक मानली. रोमन कॅथलिक पंथानें तो अपवाद केवळ विभक्त राहण्यापुरता, किंवा मुळांतच निषिद्ध अशा संबंधापुरता मानला. यथाविधि झालेला व पूर्णत्वास गेलेला ख्रिस्ती विवाह मरणावांचून सुटत नाहीं, हें मत ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६३ सालीं कायम केलें. पूर्वेकडील ऑर्थॉडॉक्स चर्चनें तिसरी वाट धरली: दुसरा विवाह लागतो, पण त्याच्या प्रार्थनांत पश्चात्तापाचा सूर असतो.

मिशनच्या मुलुखांत याहूनही महत्त्वाचें ठरलें तें पौलाचें वचन. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायांत त्यानें एका नव्याच पेचाला हात घातला. दोघांपैकीं एकजण ख्रिस्ती झाला, दुसरा झाला नाहीं, तर? दुसरा नांदावयास तयार असेल तर त्याला टाकूं नये, असें पौल सांगतो. पण तो आपण होऊन निघून गेला तर जाऊं द्यावें, अशा प्रसंगीं बंधु अथवा भगिनी बांधलेली नाहीं. बांधलेली नाहीं म्हणजे नुसतें वेगळें राहण्यास मोकळी, कीं पुन्हां लग्न करण्यासही? त्याच अध्यायाच्या शेवटीं पौल म्हणतो कीं, नवरा जिवंत आहे तोंवर बायको बांधलेली आहे. पण मूळ ग्रीकमध्यें हीं दोन क्रियापदें भिन्न आहेत. पहिल्यांत दास्याचा अर्थ आहे, दुसऱ्यांत बंधनाचा. एवढ्या एका भेदावर पंडितांचे वाद झडले आहेत.

हिंदुस्थानांत या वचनाला कायद्याचें रूप मिळालें. हेन्री मेन हे गव्हर्नर जनरलच्या मंडळांत कायदेमंत्री असतांना १८६६ सालीं धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा झाला. धर्म बदलला म्हणून जोडीदार नांदत नाहीं, असें दाखवून धर्मांतरिताला न्यायालयाकडे जातां येई; न्यायाधीश त्या जोडीदाराला विचारी, वर्षभर थांबे, पुन्हां विचारी, आणि मग विवाह मोडला तर दोघेंही पुनर्विवाहास मोकळीं होत. ज्या उच्चवर्णीय स्त्रीला तिच्या स्वतःच्या धर्मांत काडी मोडण्याची सोय नव्हती, तिचें लग्न नवऱ्याच्या धर्मांतरामुळें असें सुटूं शके.

पण मिळालेली मोकळीक सर्वांनीं घेतली नाहीं. नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो १८९३ सालीं, नागपूर व राजनांदगांव यांमधील आगगाडीच्या प्रवासांत. १८९५ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाई कांहीं वर्षें दूर राहिल्या. पौलाचें वचन व १८६६ चा कायदा हीं दोन्ही टिळकांच्या हातांत होतीं. त्यांनीं त्यांचा उपयोग केला नाहीं. लक्ष्मीबाई परत आल्या, आणि पुढें १९०० सालीं त्यांनीं स्वतःच्या विचारानें बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्यास तीं वर्षें विसरतां येत नाहींत.

गोंड स्त्रीच्या बाबतींत मात्र तोच ग्रंथ उलट बाजूनें लागू झाला. बाप्तिस्म्यापूर्वीं पंचांपुढें सुटणारी गांठ बाप्तिस्म्यानंतर सुटेना. अँग्लिकन बिशपांच्या १८८८ च्या लँबेथ परिषदेनें व्यभिचाराखेरीज अन्य कारणास्तव झालेला घटस्फोट मान्य न करण्याचें ठरविलें. दोन बायका असलेल्या पुरुषाला बाप्तिस्मा देऊं नये असाही ठराव त्याच परिषदेचा. म्हणजे ख्रिस्ती होण्यासाठीं त्यानें एकीला टाकावयाचें, आणि तेंही बायको टाकूं नये असें सांगणाऱ्या धर्मासाठीं! हा ठराव बदलण्यास १९८८ साल उजाडावें लागलें.

राज्याचा कायदा या बाईला चर्चहून दयाळू नव्हता. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानें ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढेंच कारण पुरे ठेवलें. बायकोला बहुतेक प्रसंगीं नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा दोन वर्षांचा त्यागही सिद्ध करावा लागे. शिवाय जिल्हा न्यायालयाचा हुकूम उच्च न्यायालयानें कायम केल्यावांचून पुरा होत नसे. येशूच्या उत्तरांत स्त्रीपुरुषांना असें वेगळें माप कोठेंही नाहीं. मार्कानें तर नवरा टाकणाऱ्या स्त्रीचाही उल्लेख त्याच वाक्यांत केला आहे. हा भेद बायबलाचा नव्हे, तत्कालीन इंग्रजी कायद्याचा. पण लागू झाला तो ख्रिस्ती कायदा म्हणून. १९९७ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानें ही विषमता घटनाविरोधी ठरविली, आणि २००१ च्या दुरुस्तीनें कारणें दोघांना समान झालीं; परस्परसंमतीचा मार्गही तेव्हांच उघडला.

चंद्रपूर भागांत १९६२ पासून कॅथलिकांच्या सिरो-मलबार शाखेचें स्वतंत्र धर्मक्षेत्र आहे. १९७७ सालीं त्याला पूर्ण बिशपक्षेत्राचा दर्जा मिळाला, आणि त्याचें मुख्य ठाणें बल्लारपूर. तेथें घटस्फोट नाहीं. परंतु मूळ विवाहच संमतीअभावीं किंवा अन्य दोषामुळें झाला नव्हता, असें चर्चचें न्यायासन ठरवूं शकतें. पूर्वीं या निकालाला दुसऱ्या न्यायासनाची संमति लागे. २०१५ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं पूर्वेकडील चर्चांसाठीं स्वतंत्र आज्ञापत्र काढून ती अट काढली, आणि उघड प्रकरणांत बिशपनें स्वतः थोडक्या वेळांत निकाल देण्याची सोय केली. सर्वोच्च न्यायालयानें मात्र २०१७ सालीं, चर्चच्या अशा निकालास घटस्फोटाचें कायदेशीर बळ द्यावें ही मागणी नाकारली. त्यामुळें बल्लारपूरच्या कॅथलिक जोडप्याला धर्माच्या व राज्याच्या अशा दोन्ही न्यायासनांपुढें जावें लागतें: केवळ चर्चच्या निकालावर दुसरें लग्न केलें तर तें कायद्यानें गुन्हा ठरतें, आणि केवळ जिल्हा न्यायालयाच्या हुकमावर केलें तर तें चर्चमध्यें लागत नाहीं.