पुण्याचे मालक, ब्लॅकबर्नचे प्रेक्षक

माझा भाचा घाटकोपरला राहतो. बारावीत आहे. थंडीच्या दिवसांत रात्री दीड वाजता डोळे ताणून इंग्लंडमधले फुटबॉल सामने बघतो आणि सकाळी क्लासला उशिरा पोहोचतो. २०२५च्या सप्टेंबरमधली गोष्ट. तो मला म्हणाला, "मामू, आमच्या लोकांनी इसाकला घेतला. सव्वाशे दशलक्ष पौंड!" रुपयांत ही रक्कम चौदाशे कोटींच्या वर जाते. मी विचारलं, "आमचे लोक म्हणजे कोण रे?" तो म्हणाला, "लिव्हरपूल! अजून कोण?"

मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे एखाद्या शब्दावर अडून बसायची खोड आहे. 'आमचे' हा शब्द मला काही सोडेना. घाटकोपरच्या मुलाचा क्लब लिव्हरपूलचा कसा? आणि मुळात क्लब कोणाचा असतो? पैसे घालणाऱ्या मालकाचा, की घसा फोडून ओरडणाऱ्या प्रेक्षकाचा? या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. ते पुण्यात आहे.

इंग्लंडमध्ये लँकेशायरात ब्लॅकबर्न नावाचं गाव आहे. गिरण्यांचं गाव. आपल्या परळ-लालबागसारखीच त्याची ओळख कापडाची. तिथला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब १८७५चा. १८८८ साली इंग्लंडची लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांपैकी एक. जॅक वॉकर हा त्याच गावचा पोलादाचा व्यापारी. त्याने पदरचा पैसा ओतला आणि १९९५ साली क्लबने प्रीमियर लीग जिंकली. वॉकर गेल्यानंतर दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०१०मध्ये हा क्लब विकला गेला. विकत घेणारे होते कुक्कुटपालनाच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध असलेले पुण्याचे वेंकीज. बातमी आपल्याकडेही कौतुकाने छापून आली. साहेबाचा क्लब मराठी मुलखातल्या उद्योगाने घेतला, याचा आनंद मलाही झाला होता.

पुढचं मात्र फारसं कोणी छापलं नाही. महिन्याभरातच अनुभवी व्यवस्थापक सॅम अ‍ॅलर्डाइस यांना काढलं गेलं. मे २०१२मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. ज्या सामन्यात हे ठरलं, त्या सामन्यात चिडलेल्या प्रेक्षकांनी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. २०१७ साली तर संघ तिसऱ्या पायरीवर गेला, आणि वर्षभराने पुन्हा एक पायरी वर आला. प्रेक्षकांची तक्रार केवळ हरण्याची नव्हती. मालक दूर बसतात, निर्णय का घेतले ते सांगत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. दुसरी बाजूही सांगायला हवी. याच मालकांनी वर्षानुवर्षं तोटा सोसून क्लब चालू ठेवला. ब्लॅकबर्नहून फार लांब नसलेला बरी हा १८८५चा क्लब पैशाअभावी ऑगस्ट २०१९मध्ये लीगमधून बाहेर काढला गेला. तेव्हा मालकाचा पैसा लागतोच, पण पैशाने क्लबचं गाव विकत मिळत नाही.

आता ट्रान्सफर. खेळाडू 'विकला' असं आपण म्हणतो, पण माणूस विकला जात नाही. त्याचा क्लबशी ठरावीक वर्षांचा करार असतो. मुदत संपण्याआधी त्याला सोडायचं तर जुना क्लब भरपाई मागतो. ती ट्रान्सफरची रक्कम. पूर्वी करार संपल्यावरही क्लब पैसे मागत. बेल्जियमच्या बोसमान नावाच्या खेळाडूची वाट अशीच अडली, तो कोर्टात गेला, आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की युरोपीय संघातल्या खेळाडूला करार संपल्यावर संघातल्या दुसऱ्या देशात जाण्यासाठी क्लबांना पैसे मागता येणार नाहीत. कामगाराचा हक्क म्हणून मिळालेला हा निकाल आहे.

हिशेबाची एक गंमत आहे. समजा, शंभर दशलक्षांना खेळाडू घेतला आणि करार पाच वर्षांचा केला, तर वहीत दरवर्षी वीस दशलक्ष खर्च पडतो. विकताना मात्र नफा एकदम त्याच वर्षी दिसतो. आणि क्लबच्याच शाळेत वाढलेल्या मुलाची खरेदी-किंमत शून्य, म्हणून त्याला विकलं की सगळीच रक्कम नफा! तोट्यावर मर्यादा घालणारे नियम आले, आणि घरचा मुलगा विकणं सगळ्यात सोपं झालं. अ‍ॅडम व्हॉर्टन हा ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला आणि लहानपणापासून त्याच क्लबात शिकलेला खेळाडू. फेब्रुवारी २०२४मध्ये सुमारे अठरा दशलक्ष पौंडांना तो लंडनच्या क्रिस्टल पॅलेसकडे गेला. हिशेबाच्या वहीत तो नफा आहे. गावातल्या माणसाला विचाराल, तर घरचं पोर परगावी गेल्याचं दुःख आहे.

हे दुःख बातमीत येत नाही. बातमीत येतो तो आकडा, आणि 'सूत्रांच्या हवाल्याने' आलेल्या अफवा. अफवेने निदान कोणाचा जीव जात नाही, पण बेजबाबदार बातमी जखम करते. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि लिव्हरपूलचे ९७ प्रेक्षक प्राणाला मुकले. चार दिवसांनी 'द सन' या दैनिकाने पहिल्या पानावर 'सत्य' असा मथळा देऊन प्रेक्षकांवरच किळसवाणे आरोप केले. ते खोटे होते. त्या पत्राने पहिल्या पानावर माफी मागितली ती २०१२ साली, आणि प्रेक्षकांचा दोष नव्हता हे चौकशीच्या ज्यूरीने २०१६ साली सांगितलं. लिव्हरपूल शहरात कित्येक घरांत तो पेपर आजही येत नाही. माझ्या भाच्याला इसाकची किंमत पाठ होती, हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला.

आता आपल्या दाराशी या. पुण्याने ब्लॅकबर्न घेतलं, तसं मँचेस्टरने मुंबई घेतली. मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९मध्ये मुंबई सिटी एफसीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलातलं मैदान हे या क्लबचं घर. यश भरपूर मिळालं. २०२०-२१मध्ये लीग शील्ड आणि करंडक दोन्ही. एप्रिल २०२२मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब ठरला, आणि त्या सामन्यातला एक गोल आपल्या मुंबईच्याच राहुल भेकेचा होता. मग भारतीय लीगचं भवितव्यच अधांतरी झालं, आणि डिसेंबर २०२५मध्ये ते पाहुणे आपला हिस्सा सोडून निघून गेले. त्याआधी, राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१०मध्ये बंद झाला. मुंबई एफसी २०१७मध्ये. ब्लॅकबर्नचे लोक निदान कोंबडी घेऊन मैदानात आले. आपले दोन क्लब गेले, तेव्हा उपनगरांत किती जणांना हळहळ वाटली?

लिव्हरपूलवर प्रेम करू नये, असं मी म्हणत नाही. प्रेमाला पासपोर्ट लागत नाही. पण दूरच्या क्लबाला आपण फक्त बघू शकतो. जवळच्या क्लबाला आपल्या येण्याने फरक पडतो. म्हणून एका संध्याकाळी भाच्याला घेऊन कूपरेजला गेलो. स्थानिक लीगचा सामना होता. प्रेक्षक मोजून साठ-सत्तर. शेवटच्या मिनिटाला गोल झाला, आणि आमच्या शेजारी बसलेली, गोल करणाऱ्या पोराची आई उभी राहून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला. त्याने घरातले दोन्ही पेपर चाळले होते. इंग्लंडचे सगळे निकाल होते. "मामू," तो म्हणाला, "आपला स्कोअर कुठेच नाही आला."

'आपला' म्हणाला तो. मी पुढे काही बोललो नाही.