न हलणारा ठिपका

१८ ऑगस्ट २०२२ची दुपार. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वॉटसनव्हिल येथील लहानशा विमानतळावर दोन आसनी सेसना १५२ विमानाचा वैमानिक उतरण्याचा सराव करीत होता. त्याच वेळी दोन इंजिनांचे, अधिक वेगवान सेसना ३४० विमान सरळ धावपट्टीकडे येत होते. या विमानतळावर नियंत्रण मनोरा नाही. प्रत्येक वैमानिक रेडिओवरून आपला ठावठिकाणा सांगतो व इतरांचा ऐकतो. दोघांनीही तो सांगितला होता. मागचे विमान फार वेगात येत आहे, म्हणून आपण उतरणे रद्द करीत आहोत, असेही लहान विमानाच्या वैमानिकाने कळविले. पण उशीर झाला होता. विमाने आदळली आणि तीन जण प्राणास मुकले.

एवढ्या अफाट आकाशात दोन विमानांची टक्कर व्हावीच कशी, असे आपल्याला वाटेल. आकाश अफाट असले तरी विमानांच्या वाटा धावपट्टीपाशी एकत्र येतात. म्हणूनच लहान विमानांच्या टकरी बहुधा दिवसाउजेडी, स्वच्छ हवेत आणि विमानतळाच्या आसपास होतात.

नजरेची फसगत

हलणारी वस्तू आपल्या नजरेत चटकन भरते. पण दोन विमाने सरळ रेषेत, एकाच वेगाने टकरीकडे जात असतील, तर समोरचे विमान काचेवर जागचे हलत नाही. ते बराच वेळ ठिपक्याएवढेच दिसते आणि अगदी शेवटच्या क्षणी एकदम मोठे होते. शिवाय, ज्या विमानाचे पंख वर असतात त्यातून वरचे नीट दिसत नाही. पंख खाली असतील तर खालचे दिसत नाही.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या हिशेबानुसार, दुसरे विमान दिसल्यापासून आपले विमान वळेपर्यंत साडेबारा सेकंद लागतात. त्यांतील पाच सेकंद तर टक्कर होणार हे उमगण्यातच जातात!

मग उपाय कोणता?

वैमानिकांना शिकविले जाते, की नजर नुसती भिरभिरवू नका. आकाशाचे दहा-दहा अंशांचे भाग पाडा व प्रत्येक भागावर निदान एक सेकंद नजर स्थिर ठेवा. वळण्यापूर्वी त्या बाजूला पाहा. विमाने समोरासमोर आली तर दोघांनीही उजवीकडे वळावे.

यंत्रेही मदतीला आहेत. १९९६ साली हरियाणातील चरखी दादरी येथे दोन मोठ्या विमानांच्या टकरीत ३४९ जण दगावले. मोठ्या प्रवासी विमानांत आता टक्कर टाळण्याचा इशारा देणारी यंत्रणा असते. पुष्कळ लहान विमानांत ती नसते. अमेरिकेत २०२० पासून गजबजलेल्या हवाई क्षेत्रांत आपले स्थान सतत प्रक्षेपित करणारे उपकरण सक्तीचे आहे. मात्र दुसऱ्याचे स्थान पाहण्यासाठी वेगळी सोय लागते. म्हणून डोळ्यांची जागा यंत्राने पूर्णपणे घेतलेली नाही.

हा धडा जमिनीवरही उपयोगी आहे. चौकाकडे जाताना आडव्या रस्त्याने येणारी मोटार आपल्या काचेच्या खांबाआड अशीच ‘स्थिर’ राहून लपू शकते. अशा वेळी वेग कमी करा, मान थोडी पुढे-मागे करा आणि पुन्हा एकदा पाहा. तेवढ्याने कुणाचा तरी जीव वाचेल, कदाचित आपलाच!